मदत हवी आहे: स्वालबार्डच्या ओढ्यांचं पाणी पिण्याजोगं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. जुलैत बाबांबरोबर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जातेय. लाँगइअरब्येन या तिथल्या मुख्य गावात नळाचं पाणी निर्धास्त पिता येतं, त्यामुळे तिथली काळजी नाही. पण मधले काही दिवस गाइडबरोबर तंबूत राहायचं आहे आणि तिथे पाणी ओढ्याचंच.

साल्हेर-हरिहरला आम्ही टाक्यांतलं पाणी फडक्याने गाळून, क्लोरीनच्या गोळ्या टाकून पितो. बाबा म्हणतात, "बर्फाचं पाणी, आसपास गाव नाही, त्यात जंतू कुठून येणार?" पण तिथल्या कोल्ह्यांच्या विष्ठेतून इकायनोकोकस नावाच्या पट्टकृमीची अंडी पसरतात असं वाचलं आणि पोटात गोळा आला. बाबांना मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही. गोळ्या पुरतील, की फिल्टर घेऊ?

प्रतिसाद:

ताई, गोळ्यांवर विसंबू नका. थंड पाण्यात क्लोरीनचा असर आधीच मंदावतो, आणि या अंड्यांना तर तो मारतच नाही. गोठूनही ती जगतात. मारायला उणे 80 अंशांची थंडी लागते. संसर्ग झालाच तर यकृतात गाठ वाढते आणि लक्षणं दिसायला 5 ते 15 वर्षं लागू शकतात, म्हणून बाबांना हे नीट समजावा. हा कृमी कोल्हे आणि एका जातीच्या छोट्या उंदरांमध्ये फिरतो. हे उंदीर मुख्यतः ग्रुमांट या ओसाड पडलेल्या खाणवस्तीच्या बाजूला आहेत. तुमचा मार्ग तिथून जातो का, ते गाइडला विचारा.

पाणी उकळाच. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, कारण तुम्ही समुद्रसपाटीजवळच असाल. 0.2 मायक्रॉनचा फिल्टरही ही अंडी अडवतो, पण एकदा वापरल्यावर आतलं पाणी गोठलं की त्याच्या नळ्यांना तडे जातात आणि ते बाहेरून कळत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. हिमनदीचं पाणी दुधासारखं गढूळ असेल तर आधी निवळू द्या. जेवणाआधी हातही धुवा. अंडी मातीतही असतात.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तिथेच विकत घ्या.

मी:

खूप आभार! मग उकळायचंच ठरलं. रात्री उकळून दोन थर्मास भरून ठेवू. स्टोव्ह गाइडकडे असतो की आपण न्यायचा, तेवढं कुणी जाऊन आलेलं सांगेल का?