विषय: [बफेलो मराठी मंडळ] ऑर्चर्ड पार्कच्या घराची किल्ली कुणाकडे आहे? शुक्रवारच्या आत हवी

प्रेषक: मिलिंद
गुरुवार, रात्री ९:४० (कोल्हापूर)

मंडळी, नमस्कार.

आमच्या घराची किल्ली सध्या कुणाकडे आहे ते पटकन कळवा. दिवाळीला पातेली न्यायला शिरीषनं घेतली होती. तो म्हणतोय परत दिली, पण कुणाकडे ते त्याला आठवेना, आणि तो आता फ्लोरिडात आहे.

दुपारपासून थर्मोस्टॅटचं अ‍ॅप ऑफलाइन दाखवतंय. शेवटचा आकडा ५६ फॅरनहाइट होता. लाइट गेली, राउटर बंद पडला की घर गरम ठेवणारा फर्नेस, इथं बसून काहीच कळत नाही. शेजारचं जोडपं हिवाळाभर अ‍ॅरिझोनात असतं. गॅरेजचा कोड तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण लाइट नसेल तर कोड दाबून दार उघडत नाही, आणि पुढच्या दाराला किल्लीच लागते.

शनिवारच्या स्नोचा अंदाज बघितलाच असेल. वारा नैऋत्येचा म्हणतायत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे, मला इथनं हलता येत नाही. ज्याच्याकडे किल्ली असेल त्यानं सांगा, भावांनो.

मिलिंद (मुक्काम गंगावेश)


प्रेषक: वैशाली
गुरुवार, सकाळी ११:२५

मिलिंद, माझ्याकडे नाही.

पण विषय निघालाच आहे तर सगळ्यांनाच सांगते. मोठी दोन पातेली आणि परात तिथंच बेसमेंटमध्ये आहेत, आणि शनिवारचा मसालेभात त्यांच्याशिवाय होत नाही. हळदीकुंकू आणि तिळगूळ समारंभ अजून रद्द झालेला नाही. रद्द करायचा की पुढे ढकलायचा हे कार्यकारिणी आज रात्री ठरवेल. तोवर कुणी परस्पर जाहीर करू नये. काल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ‘कॅन्सल’ लिहिलं आणि मला फोनवर फोन. रॉचेस्टरहून येणाऱ्यांनी तर सुट्टीही बदलून घेतली.

वैशाली


प्रेषक: शैलेश
गुरुवार, सकाळी ११:५२

मिलिंद, एवढी काळजी करू नकोस. लेक ईरी गोठत आलाय, कालच नकाशा बघितला. पाचही लेकमध्ये तो सगळ्यात उथळ, म्हणून गोठतो लवकर. आणि लेक गोठला की लेक इफेक्ट संपला. लेकवरून येणाऱ्या थंड हवेला खालून ओलावाच मिळत नाही तर स्नो कुठून पडणार? शनिवारी फार तर चार-सहा इंच. वैशालीताई, कार्यक्रम होऊ द्या. आमच्या अ‍ॅम्हर्स्टमध्ये आत्ता लख्ख ऊन आहे.


प्रेषक: नंदूकाका
गुरुवार, दुपारी १२:४०

> लेक गोठला की लेक इफेक्ट संपला

शैलेश, २८ जानेवारी १९७७. त्या वर्षी लेक डिसेंबरातच गोठला होता. नवीन स्नो फूटभरच पडला. बाकीचा सगळा गोठलेल्या लेकवर आधीपासून साठलेला भुसभुशीत स्नो, तो वाऱ्यानं उचलून शहरावर आणून टाकला. आम्ही तेव्हा नुकतेच आलो होतो, भाड्याच्या घरात राहत होतो. खालच्या मजल्याचं दार उघडेना, खिडकीतून बाहेर पडलो. त्या वादळात एकूण २९ माणसं गेली. लेकवर बर्फ आहे म्हणून या गावात कुणी निर्धास्त राहू नये.

शिवाय ‘गोठत आलाय’ म्हणजे गोठला नाही. पूर्वेच्या टोकाला बर्फ आणि मधे उघडं पाणी असलं तरी स्नोचा पट्टा तयार होतोच. वारा नैऋत्येचा असला की लेकच्या पूर्ण लांबीवरून येतो आणि सगळा ओलावा आपल्या दारात टाकतो. मिलिंदनं दिशा बरोबर सांगितली आहे.

नंदूकाका


प्रेषक: शैलेश
गुरुवार, दुपारी १:०५

काका, ७७ ची गोष्ट वेगळी. तेव्हा रडार असं नव्हतं, आज पट्टा कुठं बसणार ते तासातासाला कळतं. आणि पट्टा अरुंद असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांवर पडला आणि आमच्याकडे त्या मानानं काहीच नाही. मी एवढंच म्हणतोय की हॉल उत्तरेला आहे, तिथं कार्यक्रमाला अडचण नाही.


प्रेषक: प्रकाश
गुरुवार, दुपारी १:३०

हॉलचं राहू दे. मिलिंदच्या घराचं बोला, ते पट्ट्याच्या मधोमध आहे.

मिलिंद, तुझा फर्नेस नवा आहे, त्याचा धूर धुराड्यातून जात नाही. गॅरेजच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाईप बाहेर आलेत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर. त्या भिंतीपाशी वारा वळतो आणि स्नोचा ढीग बरोबर तिथंच लागतो, मागं शॉवेलिंगला आलो होतो तेव्हा बघितलंय. पाईप बुजले की फर्नेस स्वतःहून बंद पडतो. तो पडायलाच हवा, नाहीतर धूर घरात येईल. पण मग घर गार पडतं, आणि आधी जातो सिंकखालचा पाईप, कारण तो बाहेरच्या भिंतीत आहे. पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, तांब्याला ते सोसत नाही. फुटलेलं लगेच दिसतही नाही. ऊब आली, बर्फ सुटला, की मग पाणी धावतं, आणि बंद करायला घरात कुणी नाही.

म्हणून लाइट आहे की नाही याच्यापेक्षा दोन कामं महत्त्वाची. पाणी मेनलाच बंद करायचं, आणि ते दोन पाईप मोकळे करून भोवतीचा स्नो दूर ओढायचा. मेन व्हॉल्व्ह बेसमेंटमध्ये रस्त्याकडच्या भिंतीला, मीटरच्या अलीकडे. दांडी असेल तर पाव फेरा, पाईपला आडवी झाली की बंद. मग वरच्या बाथरूमचा आणि खाली लाँड्रीचा नळ उघडून पाणी उतरू द्यायचं, टॉयलेट एकदा फ्लश करायचं. तुझ्याकडे गरम हवेची हीटिंग आहे म्हणून हे बिनधास्त करता येतं. रेडिएटर असते तर आधी माहितगाराला विचारायला सांगितलं असतं.

इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतात: घर रिकामं होतं तर हीट चालू होती का, नाहीतर पाणी बंद केलं होतं का? आमच्या ओळखीत एकाचा क्लेम यावरच अडला.

आणि हे सगळं उद्या दुपारच्या आत. अंधार पडल्यावर टू-नाइन्टीन हायवेनं दक्षिणेकडे कुणीही जायचं नाही. घर दुरुस्त होतं.

प्रकाश


प्रेषक: अमोल
गुरुवार, दुपारी १:४४

प्रकाशदादा, मी जातो. माझ्याकडे फोर व्हील ड्राइव्ह आहे. फक्त किल्ली सांगा. ट्रॅव्हल बॅन लागला तरच थांबेन.


प्रेषक: प्रकाश
गुरुवार, दुपारी १:५०

> ट्रॅव्हल बॅन लागला तरच थांबेन

नाही अमोल. २३ डिसेंबर २०२२ ला बॅन सकाळी साडेनऊला लागला. तोवर लोक कामावर निघून गेले होते. गाड्या रस्त्यात अडकल्या, त्या काढायला आलेले प्लाऊ अडकले, अ‍ॅम्ब्युलन्स अडकल्या. ब्लिझर्डची स्थिती ३७ तास होती. आपल्या काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत, काही गार घरात, काही शॉवेलिंग करताना हृदय बंद पडून. फोर व्हील ड्राइव्हनं गाडी पुढं जाते, समोरचं दिसत नाही त्याला ती काय करणार? बॅनची वाट बघायची नाही. उद्या अकराला मी येतो, दोघं मिळून जाऊ. गाडीत ब्लँकेट, शॉवेल, पाणी, चार्जर. टाकी भरून ठेव.


प्रेषक: अण्णा
शुक्रवार, पहाटे ५:५० (कोल्हापूर)

मी इकडं परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी लिस्ट रोज वाचतो.

प्रकाशचं अगदी पटलं. इथं आमच्याकडे राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतली मंडळी २००५ ची खूण धरून बसली होती. २००५ ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं, मग आता त्याच्यावर कुठं येतंय म्हणून सामान खाटेवर ठेवलं आणि झोपली. पाणी खाटेच्या वर गेलं. बोटीतून काढावं लागलं. दोन वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेच, आणि तेव्हा मात्र आम्ही शाहूपुरीतली माणसं आदल्या दिवशीच पाहुण्यांकडे हलवली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की पुण्याकडचा रस्ताच बंद होतो, मग दूध नाही, पेट्रोल नाही. म्हणून जायचं ते रस्ता चालू असताना.

शैलेश, राग मानू नकोस. मागच्या वेळी आपल्याकडे पडला नाही हे या वेळेला लागू करता येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

मिलिंद, तू इथंच आहेस तर संध्याकाळी रंकाळ्यावर ये. बाबांच्या ऑपरेशनला गाडी लागली तर माझी घे.

अण्णा


प्रेषक: शैलेश
गुरुवार, रात्री ८:१०

अण्णा, राग कसला? पण २००५ चं पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत म्हणताय, आमच्या मामाच्या घरी व्यापारी पेठेत २००५ लाच कमरेएवढं होतं. जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरलं की नदीच्या आधी तेच येतं.


प्रेषक: मालतीकाकू
गुरुवार, रात्री ८:३५

मी नंदूकाकांच्या मेलवरून लिहितेय.

घराचं होईल. युनिव्हर्सिटीतल्या आपल्या मुलांना कुणी विचारलं का? या सेमिस्टरला आलेली काही मुलं अपार्टमेंटमध्ये आहेत, पहिलाच हिवाळा आहे त्यांचा. घरात चार दिवसांचा शिधा आहे का, लाइट गेली तर कुणाकडे जाणार, हे विचारायला हवं. स्वयंपाकाचा गॅस पेटवून ऊब घ्यायची नाही हेही सांगा, कोळशाची शेगडी तर नाहीच नाही. त्यानं माणूस झोपेतच जातो.

२०२२ ला विल्यम्सव्हिलमध्ये कोरियन पर्यटकांची व्हॅन रुतली होती. शॉवेल मागायला ज्या घराचं दार वाजवलं, त्या घरातल्यांनी सगळ्यांनाच आत घेतलं आणि नाताळपर्यंत ठेवून घेतलं. त्या घरात कोरियन मसाले होते, पाहुण्यांनी सगळ्यांना रांधून घातलं. आपल्यालाही तसं करता येईल. आमच्या घरी फायरप्लेस आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. ज्याला यायचं असेल त्यानं उद्या दुपारपर्यंत यावं, गादी-पांघरूण आहे.

मालती


प्रेषक: वैशाली
गुरुवार, रात्री ९:१५

कार्यकारिणीचा निर्णय: शनिवारचा समारंभ पुढच्या शनिवारी. हॉलवाले तारीख बदलून देतायत, पैसे बुडत नाहीत. शैलेश, तुझं घर आणि हॉल उत्तरेला आहेत हे खरं, पण निम्मी मंडळी हॅम्बर्ग, वेस्ट सेनेका, ऑर्चर्ड पार्कची आहेत. त्यांना आणायचं कसं?

मालतीकाकू, मुलांची यादी माझ्याकडे आहे, मी आणि शुभदा आत्ता फोन लावतोय. ज्यांनी तिळाचे लाडू करून ठेवलेत त्यांनी टिकवून ठेवा.

किल्लीचं काय झालं?


प्रेषक: सुनीता
शुक्रवार, सकाळी ८:०५ (कोल्हापूर)

किल्ली शुभदाकडेच आहे! दिवाळीनंतर पातेली ठेवायला आम्ही दोघी गेलो होतो, तेव्हा मी तिच्या हातात दिली. हिरव्या गोंड्याची, मंदिराच्या स्वयंपाकघराच्या जुडग्यात. मिलिंदनं मला रात्री विचारलंच नाही, मी सासूबाईंबरोबर अंबाबाईला गेले होते.

अमोल, बेसमेंटमध्ये मीटरच्या भिंतीला मंडळाचा मिरजेचा तानपुरा टेकवून ठेवलाय, गवसणीत. पाणी आलं तर पहिलं त्याच्यावर. भोपळ्याला धक्का न लावता वर आणून आतल्या खोलीत आडवा ठेवशील का? बाहेरच्या भिंतीला आणि हीटिंगच्या जाळीपाशी नको. मखर वरच्या फळीवर आहे, त्याला काही होत नाही.

तुम्हा दोघांचे फार उपकार.
सुनीता


प्रेषक: अमोल
शुक्रवार, दुपारी २:२०

झालं. आत्ताच परत आलो.

लाइट होती. गेली असणार आणि परत आली असणार, कारण मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकत होतं. राउटर अडकला होता, बंद-चालू केल्यावर अ‍ॅप सुरू झालं. फर्नेस चालू होता, पण घर ५१ वर आलेलं, कारण हवेच्या पाईपाच्या तोंडावर बर्फाचं कडं धरलं होतं, हाताची दोन बोटं जेमतेम जातील एवढीच फट. प्रकाशदादांनी ते हलकं ठोकून काढलं आणि भोवती चार फूट मोकळं केलं. मेन बंद केला. दांडी घट्ट होती पण वळली. दोन्ही नळ उघडे ठेवलेत, सिंकखालचं कपाटही. तानपुरा तुमच्या पलंगावर आहे, सुनीताताई. पातेली आणि परात माझ्या गाडीत.

परत येताना टू-नाइन्टीनवर लेकच्या बाजूला भिंतीसारखा काळा ढग होता. शैलेशदादा, तुमच्याकडे अजून ऊन आहे.


प्रेषक: मिलिंद
शनिवार, मध्यरात्र उलटून १:१० (कोल्हापूर)

अ‍ॅपवर ५८ दिसतंय. जागाच होतो. अमोल, प्रकाशदादा, काय बोलू? बाबा म्हणतायत दोघांना कोल्हापूरला बोलव, तांबडा-पांढरा मी स्वतः करून घालतो.

आता कुणी बाहेर पडू नका. मुलं काकूंकडे पोचली का तेवढं कळवा. येताना मार्केट यार्डातला गूळ आणतोय, किती ढेपी लागतील ते वैशालीताईंनी सांगावं.


प्रेषक: वैशाली
शुक्रवार, दुपारी ३:०५

तीन मुलं काकूंकडे पोचली. बाकीची एकाच अपार्टमेंटमध्ये एकत्र राहतायत, त्यांच्याकडे डाळ-तांदूळ आणि टॉर्च आहे, रात्री नऊला पुन्हा फोन करणार आहे.

मिलिंद, एक ढेप पुरे, सामानात वजन होतं. अमोल, पातेल्यांची झाकणं आणलीस का? ती जिन्याखालच्या खोक्यात असतात. नसतील तर आता जाऊ नकोस, मी घरची परात झाकेन.