‘सेपुल्तुस’ला ‘दफन’ म्हणावे का?

प्रश्न: रोमन इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. हुकूमशहा सुल्लासाठी त्यात ‘सेपुल्तुस’ हा लॅटिन शब्द आहे. कोशात ‘पुरलेला’ असा अर्थ मिळतो, पण सुल्लाचे तर दहन झाले होते. काय लिहावे?

उत्तर: ‘दफन’ अजिबात नको. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इ.स.च्या पहिल्या शतकातच हा भेद सांगितला आहे. सेपुल्तुस म्हणजे कोणत्याही रीतीने अंत्यविधी झालेला. हुमातुस म्हणजे मातीआड केलेला (‘हुमुस’ म्हणजे माती). तेव्हा ‘अंत्यसंस्कार झाले’ असे लिहा.

सुल्लाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. कोर्नेलिया कुळात मृतांना पुरत असत. इ.स.पू. 78 मध्ये वारलेला सुल्ला हा त्या कुळात दहन झालेला पहिला. त्याने आपला प्रतिस्पर्धी मारियुस याचे प्रेत उकरून काढवले होते. आपल्या प्रेताचेही तसेच होईल या धास्तीने त्याने दहन मागितले, असे प्लिनी सांगतो.

दुसरे उत्तर: सहमत. मात्र दहन म्हणजे मातीशी संबंध संपला, असे समजू नका. दहनाआधी हाडाचा एक तुकडा बाजूला ठेवत. तो मातीआड होईपर्यंत घराचे सुतक फिटत नसे. रोमन वक्ता सिसेरोच्या म्हणण्याप्रमाणे, हाडावर ढेकूळ पडल्याशिवाय ती दहनाची जागा पवित्र ठरत नसे. इथे आपला ‘मूठमाती’ हा शब्द मला चपखल वाटतो. तो जरूर वापरा.

प्रश्न: आणि ‘सार्कोफागुस’ला शवपेटी चालेल?

उत्तर: शवपेटी म्हटले की लाकडी पेटी डोळ्यांपुढे येते. ‘पाषाणपेटी’ बरे. मूळ ग्रीक अर्थ ‘मांस खाणारा’. आस्सोस (आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन शहर) इथला दगड दात सोडून सारे शरीर 40 दिवसांत फस्त करतो, असा समज प्लिनीने नोंदवला आहे.

लेखातला काळही तपासा. इ.स. 65 मध्ये सम्राट नीरोची पत्नी पोप्पेया वारली, तेव्हा तिचे ‘रोमन रिवाजाप्रमाणे’ दहन न करता देहात सुगंधी द्रव्ये भरली, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. म्हणजे तेव्हा रिवाज दहनाचाच होता. दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळापासून, श्रीमंत घराणी कोरीव पाषाणपेट्यांकडे वळली आणि तिसऱ्या शतकात पुरणेच रूढ झाले. तिथे ‘दफन’ निःशंकपणे लिहा.