मदत हवी आहे: लेंटचा उपास, रात्रीचं चोरून खाणं आणि प्रार्थना

नमस्कार मंडळी,

इथे नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. विषय नाजूक आहे. "इच्छाशक्ती वाढवा" आणि "सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घ्या" हे दोन सल्ले कृपया सोडा, बाकी काहीही सांगा.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडचे, मिलमधल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. रविवारची उपासना हिंदीत, घरातलं पवित्र शास्त्र मराठीत, भांडणं दोन्हीत. मी शाळेत शिकवते, चाळिशी जवळ आली आहे. नवऱ्याची पाळीची नोकरी, सासूबाई आमच्याकडेच असतात.

त्रास असा आहे. दिवसभर मी अगदी शहाण्यासारखी खाते. डब्यात दोन पोळ्या नेते, त्यातली एक परत आणते. स्टाफरूममध्ये कुणी पोहे-जलेबी मागवली तर मी चहा घेते. सगळ्या म्हणतात, काय कंट्रोल आहे हिचा! आणि रात्री घर झोपलं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सुरू होतं. दिवा लावत नाही. फ्रिजचं दार अर्धवट उघडं ठेवलं की तेवढा उजेड पुरतो. लसूण-शेवेच्या डब्याचं झाकण निघताना आवाज करतं, म्हणून त्यावर ओढणी धरून ते काढते. मग उरलेला गार भात, मग मुलाच्या डब्यासाठी आणलेला ब्रेड, नुसताच. चव लागत नाही हो. पोट दुखायला लागलं तरी हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना शेव आणायची आणि डबा होता तेवढा भरून ठेवायचा, म्हणजे सासूबाईंना कळत नाही. उलटी वगैरे मुद्दाम काढत नाही. पण त्या दिवशी नाश्ता बुडवते, प्रायश्चित्त म्हणून म्हणा.

नुसता पोटाचा प्रश्न असता तर केव्हाच डॉक्टरकडे गेले असते. पण खादाडपणा हे पाप, हे संडे स्कूलपासून ऐकत आले आहे. नीतिसूत्रे 23 मध्ये खादाडाने आपल्या गळ्याला सुरी लावावी असं आहे, फिलिप्पै 3:19 मध्ये पोटालाच दैवत करणारे लोक आहेत, आणि मला वाटतं ही दोन्ही वचनं माझ्याचसाठी लिहिली आहेत. आदल्या रात्री तसं झालं असेल तर प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस घ्यायला, मी जागेवरून उठत नाही. 1 करिंथ 11 मध्ये अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो असं जे म्हटलं आहे ते आठवतं. शेजारच्या काकू वळून बघतात, मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालते.

विश्वासाचा उपयोग झालाच नाही असंही नाही. हल्ली हल्ली एक करून बघते. रात्री हात डब्याकडे गेलाच तर ताट घ्यायचं, दिवा लावायचा, टेबलाशी बसायचं आणि जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची, तोंडातल्या तोंडात का होईना. आधी लाज वाटायची, देवाला साक्षीला बसवून शेव खायची म्हणजे काय! पण खरं सांगते, अशा रात्री पुष्कळदा एका ताटावर भागतं. नेहमी नाही. प्रार्थनेनं खाणं बंद होत नाही, चोरी मात्र बंद होते.

आता अडचण. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ, तोंडावर आला आहे. आमच्या मंडळीतल्या बायकांनी यंदा चाळीस दिवस एकभुक्त राहायचं ठरवलंय. व्हॉट्सॲपवर ग्रुप झालाय, रोज रात्री "आज पाळला" म्हणून हात जोडल्याचं चित्र टाकायचं. वर कुणीतरी लिहिलं, जाता जाता वजनही उतरेल. गेल्या लेंटमध्ये मी हे एकटीनं केलं होतं. दिवसा काही खाल्लं नाही की रात्री दुपटीनं खाणं व्हायचं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ना, आमच्यात एकादशी नसली तरी म्हण लागू पडते. त्यात शहर इंदूर. सोन्याचांदीची दुकानं मिटली की सराफ्यात भट्ट्या पेटतात, आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बहुधा लेंटच्याच दिवसांत येते.

मला विचारायचंय ते हे, की उपास न करता लेंट पाळता येतो का? आणि ग्रुपवर काय सांगू? आजारी आहे म्हणावं तर धडधाकट दिसते. कुणी असल्या त्रासासाठी डॉक्टर आणि प्रार्थना दोन्ही एकत्र केलं आहे का?

— रामबागवाली

सराफा_रात्री_दहा: ताई, इंदुरात राहून खाण्याशी वैर धरायचं म्हणजे अवघडच. गंमत सोडा, पण तो रोज चित्र टाकायचा ग्रुप आधी म्यूट करा.

प्रार्थनावीर: बहीण, शास्त्र स्पष्ट आहे. आपलं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, 1 करिंथ 6:19. उपास हेच या बंधनावरचं औषध. तीन दिवस पूर्ण उपास करून बघा, साखळी तुटेल.

आहारतज्ज्ञ_बडोदा: वरच्या भावांना हात जोडून सांगते, असा सल्ला देऊ नका. यानं माणूस आणखी अडकतो.

रामबागवाली, तुम्ही जे लिहिलंय त्याला वैद्यकात नाव आहे. थोड्या वेळात खूप खाणं, आवरता न येणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेनं एकट्यानं खाणं आणि मागाहून स्वतःची किळस येणं. हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल तर डॉक्टर बिंज ईटिंग डिसऑर्डरचा विचार करतात. मानसिक आजारांची जी अमेरिकन वर्गवारी जगभर वापरतात, तिच्यात 2013 साली याला स्वतंत्र जागा मिळाली. मात्र तुम्ही भरपाई म्हणून नाश्ता बुडवता, हे डॉक्टरना आवर्जून सांगा. त्यावरून निदान बदलू शकतं. मी इथे बसून निदान करणार नाही.

आणि उपासाबद्दल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्शानं उतरलं, ते ठीकच, पण डोक्यात दुसरं काही राहीना. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटातलं अन्न तासन् तास चिवडत बसायचे. पुन्हा भरपूर जेवण मिळायला लागल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खात होते आणि तरी भूक भागत नव्हती. तुमच्यासाठी मुद्दाम सांगते, हे तरुण म्हणजे युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले लोक. त्यात क्वेकर, मेनोनाइट, ब्रदरन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांतले बरेच होते. त्यांच्या श्रद्धेत आणि निग्रहात काही कमी होती असं कोण म्हणेल? उपाशी शरीर असंच वागतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे नाश्ता. रात्री काहीही झालेलं असो, सकाळी खायचंच. दिवसात तीन वेळा जेवण, मधे दोनदा काहीतरी, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही. डब्यातली दुसरी पोळी खाऊन टाका. यावर समुपदेशनाची चांगली पद्धत आहे, विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी, तिचा गुण येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. एकदम जायची भीती वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या.

वसईकर: आम्ही कॅथलिक, आमच्याकडे नियम लिहून ठेवलेले आहेत म्हणून सांगतो. सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. तेही 18 ते 59 वयाच्यांना, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण नि दोन छोटी खाणी चालतात. आजारी माणसाला सूट. लेंटमधले रविवार तर चाळिसात धरतच नाहीत, बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजून बघा, 46 भरतात. म्हणजे ज्याला लोक कडक समजतात ते आमचं चर्चही आज चाळीस दिवस एकभुक्त राहा असं कुणाला सांगत नाही. तुम्ही प्रॉटेस्टंट ना? तुमच्याकडे तर 1522 साली झुरिकमध्ये लेंटमध्येच सॉसेज खाऊन स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेला तोंड फुटलं! तिथला सुधारक पाळक झ्विंगली हजर होता, स्वतः खाल्लं नाही, पण नंतर खाणाऱ्यांच्या बाजूनं प्रवचन दिलं.

रामबागवाली: सॉसेजचं माहीत नव्हतं, सासूबाईंना सांगणार आहे 😀

आहारतज्ज्ञताई, तुमचं दोनदा वाचलं. दुसऱ्या पोळीच्या वाक्याशी डोळे भरून आले, का ते कळलं नाही. प्रार्थनावीर, राग नाही, पण तीन दिवसांच्या उपासानंतर चौथ्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात काय होईल ते मला आताच दिसतंय.

पण प्रभुभोजनाचं कुणी बोललं नाही. माझा जीव खरा तिथे अडकलाय.

नगरची_मावशी: बाळा, मी बोलते. माझे यजमान पाळक होते, पन्नास वर्षं मंडळीत भाकरी मोडताना पाहिली आहे.

तो 11 वा अध्याय 17 व्या ओवीपासून वाच, मधूनच उचलू नकोस. करिंथात काय चाललं होतं? प्रभूचं भोजन म्हणून जमायचे, आणि ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन बसायचे. गरीब उशिरा यायचे, त्यांना काही उरायचं नाही. पत्र लिहिणारा पौल चिडला तो त्याच्यावर. म्हणून शेवटी सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. रात्री फ्रिजपाशी एकटी रडणारी बाई तिथे कुठेच नाही. आणि स्वतःची परीक्षा करावी म्हणून झाल्यावर तो काय म्हणतो, मग खावं. खाऊ नये, असं नाही म्हणत. येत्या रविवारी उठ आणि पुढे जा. काकू बघू देत.

गळ्याला सुरीचं जे वचन आहे ते अधिपतीच्या पंगतीत बसणाऱ्याला सांगितलेलं आहे, त्याची पक्वान्नं कपटाची आहेत म्हणून. तुझ्या शेवेच्या डब्याशी त्याचा काय संबंध?

तुला वचनंच हवीत तर दुसरी देते. याईराची मुलगी, बारा वर्षांची. प्रभूनं तिला मेलेल्यातून उठवलं, घरात सगळे थक्क, आणि त्यानं काय सांगितलं? हिला खायला द्या. मार्क 5:43. आणि एलीया संदेष्टा, 1 राजे 19. मरण मागत झुडपाखाली निजला होता. देवानं आधी झोपू दिलं, भाकर नि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं फार पुढे, होरेब डोंगरावर. तिथवर चाळीस दिवस तो चालला तेही त्या खाण्याच्या बळावर. तुमच्या ग्रुपला चाळीस आकडा आवडतो ना, त्यांना हे वाचून दाखव.

प्रार्थना सोडू नकोस आणि डॉक्टरही सोडू नकोस. यजमानांना डायबेटिस होता, आम्ही प्रार्थनाही केली आणि इन्शुलिनही घेतलं, कुणी आम्हांला अल्पविश्वासी म्हटलं नाही. मनाच्या आजाराला का म्हणावं?

प्रार्थनावीर: मावशी, यशया 58 बद्दल काय मत? तिथे उपासच सांगितला आहे.

नगरची_मावशी: नीट वाच. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, हा मला पसंत असलेला उपास, असं देव म्हणतो. रामबागवाली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच अध्यायात आहे. लेंटभर शेरभर तांदूळ-डाळ बाजूला काढत जा आणि ईस्टरच्या आधी एखाद्या घरी पोचव. ग्रुपवर लिही, मी यशयाचा उपास धरला आहे. वाद घालायला कुणी येणार नाही, त्यासाठी अध्याय काढून वाचावा लागतो!

रामबागवाली: मावशी 🙏 आज नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला म्हणे शेवेचं माहीत होतं, पाळीवरून येताना त्यानंही एकदोनदा डबा भरून ठेवला होता. सासूबाईंना अजून नाही सांगितलं, तो मोर्चा नंतर. ग्रुपवर यशया टाकला, दोघींनी खासगीत विचारलं की आम्हीही यात येऊ का. सकाळी मुलाबरोबर पोहे खाल्ले, बशीभर, जिरावण मसाला घालून.

डॉक्टरची वेळ घेतली आहे. एक बारीक शंका, हसू नका. पहिल्या भेटीत वजन करतात का? तो आकडा पाहिला की माझा पुढचा आठवडा वाया जातो.

आहारतज्ज्ञ_बडोदा: करू शकतात. आधीच सांगायचं, मला आकडा बघायचा नाही. काट्यावर पाठ करून उभं राहायचं, नोंद त्यांची ते करतील. अशी विनंती पुष्कळ जण करतात. चिठ्ठीवर आकडा लिहिला तर घडी घालून नवऱ्याकडे द्या. आणि त्या दिवशीही उपाशीपोटी जाऊ नका, रक्त द्यायचं असेल तर डबा बरोबर ठेवा.