सल्ला हवा : गीझर पाहण्यासाठी नेमके कोठे जावे?

रामदासपेठकर :
नमस्कार. पुढच्या मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, आम्ही चौघे (मी, पत्नी, दहावीची परीक्षा झालेली मुलगी आणि रक्तदाबाचा त्रास असलेले माझे वडील) परदेशी जाण्याच्या विचारात आहोत. जमिनीतून उसळणारी उकळत्या पाण्याची कारंजी, म्हणजेच गीझर, प्रत्यक्ष पाहायचीच, असा मुलीचा हट्ट आहे. यलोस्टोन, आइसलँड, न्यूझीलंड आणि चिली ही नावे समोर आहेत. सुट्टी मोजकीच असल्याने, इतक्या लांब जाऊन कारंजे उडालेच नाही अशी वेळ येऊ नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_भूवैज्ञानिक :
आपली ही अट पाहता माझे मत निःसंशय आइसलँडला आहे. रेक्याविकपासून सुमारे 100 किलोमीटरवर हौकादालुर खोऱ्यात असलेला स्ट्रोक्कुर हा गीझर साधारण दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. उंची बहुधा 15 ते 20 मीटर असते, क्वचित 40 मीटरपर्यंत जाते. कन्येला एक गोष्ट आवर्जून सांगावी : फवाऱ्यापेक्षा त्याच्या आधीचा क्षण पाहण्यासारखा असतो. कुंडातले पाणी आधी श्वास घेतल्यासारखे वरखाली होते, मग मधोमध निळसर काचेचा घुमट फुगावा तसे वर येते आणि पुढच्याच क्षणी तो घुमट फोडून वाफ बाहेर पडते. वारा आपल्या पाठीकडून येईल अशा बाजूला उभे राहिल्यास अंगावर तुषार येणार नाहीत. शेजारचा मूळ गेसिर (ज्याच्या नावावरून ‘गीझर’ हा शब्द आला) मात्र बहुतेक काळ निद्रिस्तच असतो. 2000 सालच्या भूकंपांनंतर तो काही काळ जागा झाला होता, पण आज त्याच्या भरवशावर जाऊ नये.

संत्रानगरी :
वरील मताचा आदर राखून असहमती नोंदवतो. अमेरिकेचा व्हिसा वेळेत मिळत असेल, तर यलोस्टोन सोडून अन्यत्र जाणे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणे होय. जगातील निम्म्याहून अधिक गीझर त्या एका उद्यानात आहेत. त्यांपैकी ओल्ड फेथफुल सरासरी दर दीड तासाच्या आसपास उडतो आणि 30 ते 55 मीटर उंची गाठतो. आधीचा उद्रेक किती वेळ चालला यावरून पुढची वेळ काढतात (तो अल्पकाळ चालला, तर पुढचा लवकर येतो) आणि ती अभ्यागत केंद्रात जाहीर करतात. समोर बाके मांडलेली असल्याने वडिलांनाही ताटकळत उभे राहावे लागणार नाही. फक्त स्टीमबोटच्या मागे लागू नका. तो आजच्या सक्रिय गीझरांपैकी सर्वांत उंच, 90 मीटरच्याही वर जाणारा आहे. 2019 मध्ये तो 48 वेळा उडाला, परंतु 2018 पूर्वी अनेक वर्षे जवळजवळ गप्प होता. लाकडी पायवाट सोडून कोठेही पाऊल टाकू नये, कारण कडेची जमीन वरून घट्ट दिसली तरी खाली उकळते पाणी असू शकते.

रामदासपेठकर :
दोघांचेही आभार. चिली आणि न्यूझीलंड बाद समजावे का? आणि आपल्या देशात, निदान विदर्भाच्या आसपास, असे काही नाही का?

निवृत्त_भूवैज्ञानिक :
चिलीतील एल तातिओ सुमारे 4,300 मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळते, वाफेचे खांब उठून दिसावेत म्हणून पर्यटकांना पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत नेतात आणि हवा विरळ असते. रक्तदाबाच्या रुग्णाला मी तेथे नेणार नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआचा पोहुतू दिवसातून अनेक वेळा, 30 मीटरपर्यंत उडतो. तो उत्तम पर्याय आहे. वायओतापूचा लेडी नॉक्स मात्र रोज सकाळी सव्वादहाला साबण टाकून उडवला जातो. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन उद्रेक सुरू होतो. शास्त्र खरे असले, तरी त्यात वाट पाहण्याची मजा नाही.

आपल्याकडे किनवट तालुक्यातील उनकेश्वरसारखे गरम पाण्याचे झरे आहेत, पण ते गीझर नव्हेत. गीझरला भरपूर पाणी, उथळ खोलीवरची तीव्र उष्णता आणि अरुंद गळ्याची, दाब सोसणारी भूमिगत नळी या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. नळीच्या तळाशी पाणी 100 अंशांच्या पुढे तापते, परंतु वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळत नाही. वरचे थोडे पाणी बाहेर सांडताच दाब उतरतो आणि खालच्या पाण्याची एकाएकी वाफ होते. नळीला आतून सिलिकाचा थर बसलेला असल्याने तो दाब फटींतून निसटत नाही. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा खडकही लाव्हारसाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याची उष्णता केव्हाच विरून गेली आहे.

संत्रानगरी :
पूर्ण सहमत. व्हिसाची मुलाखत एप्रिलच्या आत मिळाली तर यलोस्टोन, नाहीतर शेंगेन (युरोपातील अनेक देशांचा सामाईक) व्हिसा काढून आइसलँड, असे ठरवावे. दोन्हीकडे मे महिन्यातही गरम कपडे लागतील; नागपूरच्या उन्हाकडे पाहून बॅग भरू नये.