रविवारी नाथसागर: घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा (पुणे): शनिवारी रात्री संभाजीनगरला पोचतोय. रविवारी सगळे मिळून जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर. फ्लेमिंगो आलेत म्हणे. ड्रोन भाड्यानं घेतलाय, थवा उडतानाचा वरून शॉट घ्यायचाय.

वहिनी: ताडोबाला नेणार होतात ना?

दादा: बुकिंग मिळालं नाही. शिवाय जिप्सीचा दर ऐकून घाम फुटला.

काका: वाघासाठी कामून एवढं लांब जायचं? २०२१ ला यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ चालत आपल्या गौताळा अभयारण्यात आला होता. २०२४ ला एक तर धाराशिवकडं येडशीला जाऊन पोचला. तेच येऊ लागलेत आपल्याकडं.

वहिनी: रविवारी येणार आहे का पण?

ताई: दादा, थवा उडताना म्हणजे तू त्याला उडवणार. रोहित आपणहून तुझ्या शॉटसाठी उडत नाहीत.

आजी: रोहित कुणाचा?

ताई: पक्षी आहे आजी. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. लांब पाय, गुलाबी अंग. मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले किडे, शेवाळ खातो.

आजी: बरं.

दादा: दोन मिनिटांचं काम आहे गं. एकदा उडतील, परत बसतील.

ताई: तुझी दोन मिनिटं. मग मागून येणाऱ्याची दोन, त्याच्या मागच्याची दोन. तिथं पट्टकादंब पण असतात. राखाडी हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत तोच डोंगर ओलांडतात. त्याआधी अंगावर चरबी चढायला हवी. दिवसातनं दहादा उडवलं तर खाणार कधी? आणि ते अभयारण्य आहे, १९८६ पासून. ३४१ चौरस किलोमीटर. परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही तिथं.

आत्या: पैठणला जाताय तर नाथांचं दर्शन होईल ना? आणि पैठणीच्या दुकानात अर्धा तास.

काका: अर्धा तास म्हणजे तीन.

दादा: तात्यांना विचारा ना कुठून बघायचं. त्यांच्या गावापासून पाणी दिसतं.

ताई: तात्यांनी व्हॉइस मेसेज पाठवलाय, चार मिनिटांचा. टाइप करून टाकते, आजीला ऐकू येत नाही.

तात्या (ताईच्या हातून): या, सगळे या. पण ऐका. नाथसागर पसरट आहे, खोल नाही. हिवाळ्यात पाणी ओसरू लागलं की लांबवर गाळ उघडा पडतो. त्याच्यावर आम्ही गाळपेर करतो, हरबरा, गहू. पाखरं पण तिथंच, पाण्याच्या काठाला. मागल्या साली एक फोटोवाल्यांची गाडी आली. वरून वाळलेलं दिसलं म्हणून सरळ आत घातली. वरची पपडी फुटली अन् दोन्ही मागली चाकं रुतली. मग फिरवा चाक, फिरवा चाक, बोनेटपर्यंत चिखल. माझ्या हरबऱ्याच्या आठ ओळींचा रेंदा झाला. शेवटी मीच ट्रॅक्टर जोडून काढली. चहा पिले, पाखरांचे फोटो दाखवले, गेले. हरबऱ्याचं कुणी काही बोललं नाही.

ताई: पुढचं आहे अजून.

तात्या: पाखरं पण काही साधुसंत नाहीत. ते हंस राती येऊन हरबऱ्याचा शेंडा खातात, करकोचे दाणा उकरतात. वडील असते तर म्हणाले असते, आधी धरणात आपलं रान गेलं, आता राहिलेलं पाखरांना. १९७६ ला धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा मी चड्डीत होतो. तरी पण गोफण नाही मारीत मी त्यांच्यावर. येतात चार महिने. पण बघायला येणाऱ्यानं गाडी सडकेला लावावी, बांधावरून चालत यावं, अन् भाकरी आमच्याच घरी खावी. पैसे देऊन. घरचे असले तरी.

काका: हाव, बरोबर बोलला तात्या.

दादा: घरच्यांना पण पैसे?

काका: तुला जिप्सीला द्यायचे होते ना?

वहिनी: दिले पाहिजेत. आणि भोयांच्या पोरांपैकी कुणाला सोबत घेऊ. त्यांना पाणी माहीत असतं.

ताई: होडीनं थव्यात घुसायचं नाही पण. काठावरनंच. माझ्याकडं दुर्बीण आहे, एक शेजारच्यांकडून आणते. सहा वाजता निघायचं, बिडकीनला चहा. मळके, फिके कपडे घाला. आत्या, ती लाल साडी नको.

आत्या: मग दर्शनाला काय मळक्या साडीत जाऊ?

ताई: गाडीत बदल.

दादा: ड्रोनचं भाडं भरलंय पण. परत देत नाहीत.

तात्या: वरलं रान पाण्यापासून लांब आहे. तिथं हुरडा आलाय, आगटी पेटवतो. तिथं उडव तुझं ते यंत्र.

ताई: आधी पाखरं, मग हुरडा. आणि गाडी सडकेवर.

दादा: बरं. मान्य.

तात्या: किती जण ते सांगा आधी. हुरड्याला कणसं मोडायला लागतात, अन् तुमची काकू भाकरीचं पीठ विचारायलीय.

वहिनी: अकरा. आजी धरून.

आजी: मी पुढच्या सीटवर.