रोहिंटन मिस्त्रींची मुंबई ऐकीव आहे का?

टवाळ कारकून: मिस्त्रींच्या तिन्ही इंग्रजी कादंबऱ्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत, शिवाय कॅनडाचे गव्हर्नर जनरल आणि गिलर हे साहित्य पुरस्कार. सगळं मान्य. पण माणूस १९७५ सालीच टोरोंटोला गेला आणि बँकेत नोकरीला लागला. आणीबाणी लागली तीही १९७५ सालीच. म्हणजे ‘अ फाइन बॅलन्स’ या कादंबरीतले आणीबाणीचे दिवस त्यांनी इथे काढलेलेच नाहीत. आणि २००२च्या ‘फॅमिली मॅटर्स’नंतर कादंबरीच नाही. शिदोरी संपली, दुसरं काय!

दादरकर: साफ असहमत. ‘सच अ लाँग जर्नी’ कादंबरीतली ती भिंत आठवा. येणारेजाणारे तिथे मुततात, डासांनी जीव नको केलेला. कादंबरीचा नायक गुस्ताद फुटपाथवरच्या एका चित्रकाराला गाठून भिंतीवर सगळ्या धर्मांचे देव काढून घेतो. झालं, घाण बंद आणि हार-उदबत्त्या सुरू! पुढे महापालिका रस्तारुंदीसाठी तीच भिंत पाडायला येते. हे ऐकीव?

टवाळ कारकून: ती गोष्ट १९७१ची, तेव्हा ते मुंबईतच होते. माझा मुद्दा आणीबाणीचा आहे.

मिसिसागाची माई: इकडे उलटी तक्रार, की हा कॅनडावर लिहीत नाही! ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’ या त्यांच्या कथासंग्रहातला सरोश वाचा. दहा वर्षांत पक्का कॅनेडियन झालो नाही तर परत येईन, असं सांगून निघालेला. सगळं जमतं, पण कमोडवर बसून काही होत नाही, उकिडवंच बसावं लागतं. हसून पुरेवाट झाली, आणि मग जरा गप्पच झाले.

दादरकर: ऐकीव होतं, तर २०१० साली विद्यार्थी सेनेने आरडाओरडा केल्यावर मुंबई विद्यापीठाने ‘सच अ लाँग जर्नी’ अभ्यासक्रमातून का काढली? झोंबली म्हणूनच ना?

टवाळ कारकून: काढली ते चूकच. पण झोंबली म्हणून चांगली, हे कुठलं गणित? ‘अ फाइन बॅलन्स’मधल्या ईश्वर आणि ओम या दोघा शिंप्यांवर किती संकटं आणावीत! झोपडी पाडली, वेठबिगारीला नेलं, शेवटी नसबंदी. गरिबाच्या घरीही अधूनमधून गोडधोड होतं हो.

मिसिसागाची माई: होतं की कादंबरीतही. या शिंप्यांना काम देणाऱ्या दीनाबाईंच्या घरी चौघं मिळून रांधतात, एकत्र जेवतात, ती पानं तुम्ही भराभर उलटलीत वाटतं. मला तर पुढे काय होणार या धास्तीने तीच दोनदा वाचावीशी वाटली.