कयाक घ्यायची आहे. कार्टमध्ये चौदा वस्तू आहेत, त्यातल्या किती खऱ्या लागतील?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत देवबागला गेलो होतो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तासाच्या भाड्याने कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी) मिळाली आणि मी वेडा झालो. बायको म्हणाली, "एका तासात एवढा शांत तू लग्नात पण नव्हतास." तेव्हा आता स्वतःची घ्यायची ठरवलंय.

माहिती अशी: वय ४३, उंची ५ फूट ७ इंच, वजन ८२. पोहता येतं, पण तलावातलं, म्हणजे कठडा दिसत असेल तर. बायकोला पोहता येत नाही. मुलगी नऊ वर्षांची, पोहण्याच्या क्लासला जाते. वापर दोन ठिकाणी: पुण्यात असताना रविवारी पानशेतच्या फुगवट्यावर आणि मे महिन्यात रत्नागिरीला. भाट्याच्या खाडीपासून दहा मिनिटांवर सासरवाडी आहे. बजेट सगळं मिळून ४५ हजार.

इंटरनेटवरच्या याद्या वाचून कार्ट भरलं: लाइफ जॅकेट, हेल्मेट, स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती बांधून बसायची जागा झाकायचा), पॅडल फ्लोट (परत चढताना वल्ह्याच्या टोकाला लावायचा तरंगता ठोकळा), पाणी उपसायचा पंप, वल्ह्याची दोरी, फेकायची दोरी, ड्राय बॅग, शिट्टी, चाकू, हातमोजे, बूट, डोक्याचा दिवा, जीपीएस. बेरीज बघितली तर कयाकसाठी पैसेच उरत नाहीत. जॅकेट तेवढं धक्क्यावर मिळतं तसलं नारिंगी, आठशे रुपयांचं टाकलंय, बाकी सगळं भारी.

दोन प्रश्न. हवा भरायची घ्यावी की कडक प्लॅस्टिकची? आणि यातलं काय गाळू?

टिवल्याबावल्या

जीपीएस गाळा. पानशेतला हरवलात तर धरणाची भिंत दिसते.

बाकी थट्टा सोडा, जॅकेट आठशेचं आणि दिवा दोन हजारांचा हे गणित उलटं आहे.

भाट्येवाली

अहो सिंहगडरोडकर, भाट्याचं नाव वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले. मी त्याच खाडीत गेली सात वर्षं कयाक चालवते. वय ६१, बँकेतून निवृत्त. शिकले ५४व्या वर्षी, त्यामुळे तुम्ही "आता उशीर झाला का" वगैरे विचारू नका.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे यादी कशी लावायची ते तुमचं तुम्हाला कळेल.

फेब्रुवारीतला रविवार. सोमेश्वरच्या बाजूला गेले होते, गप्पा मारत बसले, परतायला दुपारचे अडीच वाजले. ओहोटी लागलेली, आणि समोरून खारा वारा सुटलेला. उकडत होतं म्हणून जॅकेट काढून मागच्या रबरी दोरीखाली खोचलं होतं. मोबाईल आणि शिट्टी डब्यात, डबा कयाकच्या पोटातल्या कप्प्यात, झाकण घट्ट. एकदम व्यवस्थित! पाण्याची बाटली घ्यायला मागे वळले आणि गेले पाण्यात.

वर येऊन बघते तर कयाक निघाली होती. वारा पश्चिमेचा, रिकामी कयाक म्हणजे पाण्यावरचं सुकं पान, ती खाडीच्या वरच्या अंगाला चालली. मला ओहोटीने धरलं होतं, मी समुद्राच्या बाजूला. वल्हं तिसरीकडेच. म्हणजे माझं जॅकेट, माझी शिट्टी, माझा फोन, सगळं मजेत सोमेश्वरला परत चाललं होतं आणि मी एकटी मुखाकडे. मुखाशी गाळ साचून लाटा फुटतात, तिथे भल्या होड्या उलटतात. पोहून काठ गाठला तो कालवांच्या खडकावर. पायात काही नव्हतं. डाव्या तळपायाला सहा टाके. कयाक एका दादांनी होडीतून आणून दिली, वल्हं दुसऱ्या दिवशी मिळालं, आमच्या ह्यांनी आठवडाभर तोंडातून शब्द काढला नाही, त्याचे टाके वेगळे.

तेव्हापासून मी सामानाचे दोनच ढीग करते. अंगावर असतं ते आपलं. कयाकमध्ये असतं ते कयाकचं, ती जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल. आता तुमची यादी बघा. जीव वाचवणारं जे काही आहे ते पहिल्या ढिगात आलं पाहिजे.

जॅकेट. इथे हात आखडू नका. ते नारिंगी, चौकोनी ठोकळ्यांचं असतं त्यात बऱ्याचदा थर्मोकोल भरलेला असतो. तो वर्षभरात फुटून भुगा होतो, आणि ते इतकं अवघडतं की वल्हं मारताना माणूस ते काढूनच ठेवतो. मी नाही का काढलं? तेही तसलंच होतं. कयाकसाठी म्हणून मिळतात त्यांच्या काखा मोठ्या कापलेल्या असतात, हात मोकळा फिरतो. आत लेबल बघा, ५० न्यूटन लिहिलेलं असतं. म्हणजे पाच किलो वजन उचलून धरेल एवढा जोर. ८२ किलोच्या माणसाला पाच किलो कसे पुरतील असं वाटतं, पण पाण्यात आपण आधीच जवळजवळ तरंगत असतो, डोकं वर राहण्यापुरता आधार लागतो. मात्र ५० न्यूटनवालं बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. तो १०० च्या पुढचा प्रकार, मानेमागे कॉलर असते. पोहता येणाऱ्याला पहिलं चालतं. तुमच्या सौभाग्यवतींना आणि मुलीला मी दुसरं सांगेन.

माप मोठ्यांचं छातीवरून घ्यायचं, मुलांचं वजनावरून. घालून सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ढिलं आहे. मुलीच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खाली सरकतं. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका, तो शाळेचा गणवेश नाही.

शिट्टी जॅकेटला बांधलेली, आत गोळी नसलेली. गोळीवाली भिजली की अडखळते. फोन पारदर्शक पाऊचमध्ये, तोही जॅकेटच्या खिशात. कप्प्यात नाही! त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घालून ठेवा. चाकू म्हणजे छोटा, बोथट टोकाचा. खाडीत जाळी असतात, पाय अडकला तर कापता आलं पाहिजे. (जाळी दिसली की लांबून जा आणि कुणाचं जाळं हौसेने कापू नका, त्यावर एखाद्याचं घर चालतं.) पायात टाचेला पट्टा असलेले, जाड तळाचे बूट. स्लीपर चिखलात रुततो आणि तिथेच राहतो.

हातमोजे, दिवा, जीपीएस गाळा. रात्री जाणारच नाही आहात. स्प्रे स्कर्ट, पॅडल फ्लोट आणि पंप हे आत बसायच्या कयाकसाठी. तुम्ही वर बसायची घ्या, तिला आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप जातं, उलटली तर फिरवून परत चढता येतं. काही लोक त्या भोकांना बुचं मारतात, बूड भिजतं म्हणून. मग पाणी कुठून जाणार?

पण मागच्या टोकाला एक खरं बूच असतं, पाणी काढायचं. ते लावायला विसरू नका. मी ते कारच्या किल्लीला बांधलंय. किल्ली खिशात घालताना बूच हातात येतं.

हवेची की कडक? कडक एकट्याची साधारण वीस-पंचवीस किलो. पुण्यात कितव्या मजल्यावर राहता आणि लिफ्टमध्ये नऊ-दहा फुटांची वस्तू मावते का, त्यावर उत्तर आहे. भाट्याला मात्र कडकच बरी, कालवांनी हवेच्या कयाकचा तळ फाटलेला मी पाहिलाय.

वल्ह्याबद्दल एकच. तुमच्या उंचीला आणि रुंद कयाकला २३० सेंटीमीटर. हलकं घ्या, तासाला हजारभर वेळा उचलायचं आहे.

सिंहगडरोडकर

काकू, हात जोडले. कार्ट रिकामं केलं. चौथा मजला, लिफ्ट टिचकीएवढी. आता?

रेनकोट_सिअ‍ॅटल

मी मूळचा ठाण्याचा, गेली अकरा वर्षं सिअ‍ॅटलला. तुमची पहिली यादी माझ्या गॅरेजमधल्या सामानासारखी दिसली म्हणून लिहितोय. तुम्ही ज्या साइटवरून ती घेतलीत ती बहुतेक इकडच्या लोकांनी लिहिली असणार. आमच्या प्युजेट साउंडचं पाणी भर ऑगस्टमध्येही हात बधिर करतं, वर्षभर साधारण ७ ते १३ अंश. त्यात पडलं की पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणण्यात जातं, मग दहाएक मिनिटं हातपाय नीट चालतात. म्हणून ड्राय सूट (आत पाणी न शिरणारा पोशाख), म्हणून आत बसायची कयाक, म्हणून स्कर्ट, म्हणून पंप. सगळं थंडीपासून सुरू होतं. कोकणात तुमचा वैरी ऊन. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हनुवटीखाली दोरी असलेली टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी. आमच्या यादीत हे तळाला असतं, तुमच्याकडे जॅकेटनंतर लगेच.

चौथ्या मजल्याला हवेचीच. सपाट, कडक तळाची (ड्रॉप-स्टिच म्हणतात) मिळाली तर ती सरळ जाते. सगळी साध्या ट्यूबची असेल तर वाऱ्यात गोल फिरते. हवा दाबमापक लावून भरा, आणि काठावर जेवायला बसाल तेव्हा सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा. उन्हात आतली हवा फुगते आणि शिवण जाते. माझी गेली आहे. आवाज ऐकून शेजारणीने पोलिसांना फोन केला होता.

कोलाडचा_पोऱ्या

फक्त एक गोष्ट. वर वल्ह्याच्या दोरीबद्दल कोणी बोललं नाही. पानशेत किंवा खाडीत वल्हं कयाकला दोरीने बांधा, चांगलंच. वाहत्या नदीत कधीच नाही. मी कुंडलिकेवर राफ्ट चालवतो. सकाळी भिऱ्याच्या वीजनिर्मितीचं पाणी सुटलं की नदी वेगळीच होते. त्यात कयाक उलटली आणि दोरी पायात, दोरी दगडात, तर पाणी वरून दाबत राहतं. इथे हेल्मेट लागतं, वीसेक मीटरची तरंगणारी दोरी पिशवीत भरून लागते, आणि ती फेकता येणारा माणूस काठावर लागतो. दोरी विकत मिळते, फेकणं सरावाने येतं. "रिव्हर कयाकिंग करून बघू" वाटलं तर स्वतःचं सामान घेऊन येऊ नका, आधी शिकायला या.

भाट्येवाली

कोलाडच्या दादांचं बरोबर. मी खाडीत बांधते, पण कयाकला, स्वतःला नाही.

सिंहगडरोडकर, मग हवेची घ्या, भाट्याला आलात की कडक माझी वापरा. पण आधी पानशेतला, जिथे पोहायची परवानगी आहे अशा उथळ जागी, जॅकेट घालून मुद्दाम दहा वेळा पडा. कयाक सरळ करायची, मधोमध पोटावर चढायचं, पाय मारत राहायचे, मग वळून बूड टेकवायचं, शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय. मुलीला लगेच जमेल. तुमचं पोट किती आहे त्यावर तुमचं. आणि हात कयाकवरून सुटता कामा नये, कारण वर सांगितलंच.

सिंहगडरोडकर

पोटाचा विषय नको, काकू. शेवटचा प्रश्न: वेळ कशी ठरवायची? भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे पण त्यातल्या आलेखाने डोकं फिरतं. मे महिन्यात आम्ही दशमीला रात्री पोचतोय (तिथी सासूबाईंनी सांगितली).

भाट्येवाली

सासूबाईंना नमस्कार सांगा, अ‍ॅप त्याच आहेत. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून अ‍ॅपशी ताडून बघा, पण डोक्यात हिशोब असला की फोन बंद पडल्यावर घाबरायला होत नाही.

तुम्ही दशमीला रात्री पोचताय, म्हणजे एकादशीची सकाळ. अकराचे पाऊण सव्वाआठ. त्या दिवसांत भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, उधाणासारखी ओढ नसते, नवख्याला उत्तम. पावणेसातला निघू, चढत्या पाण्याबरोबर वर जाऊ, पाणी थबकलं की वळू, वारा सुटायच्या आत साडेनऊला परत. मुखाच्या बाजूला मी कुणालाच नेत नाही, आग्रह करू नका.

उपास असेल तर खिचडी मी आणते. आणि मुलीचं वजन कळवा. माझ्या भाचीचं मांडीपट्ट्याचं जॅकेट इथे पडून आहे, तिचं विकत घ्यायच्या आधी ते घालून बघू.

सिंहगडरोडकर

२७ किलो. उपास फक्त बायकोचा, पण खिचडी तिघांची आणा.